पाटीवरची पाच उद्गारचिन्हं

संस्थेचा कागद मंगळवारी आला. त्यावर इंग्रजीत तीन ओळी टाइप केलेल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं की या मजकुराची पितळी पाटी पुढच्या शनिवारपर्यंत करून द्यावी. पहिल्या ओळीच्या शेवटी एक उद्गारचिन्ह होतं. दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक. तिसऱ्या ओळीच्या शेवटी तीन.

मी कागद टेबलावर ठेवला, चष्मा पुसला, परत बघितलं. पाचच होती.

पाटी माझ्या बायकोच्या नावाची. ती जाऊन आठ महिने झाले. अकरा वर्षं ती त्या संस्थेत संध्याकाळच्या वर्गाला इंग्रजी लिहायला शिकवत होती. दिवसभर काम करून येणारी मोठी माणसं तिचे विद्यार्थी. कुणाला अर्ज लिहायचा असायचा, कुणाला साहेबाच्या पत्राला उत्तर द्यायचं असायचं, कुणाला नुसतीच हौस. ज्या खोलीत ती शिकवायची त्या खोलीला तिचं नाव द्यायचं संस्थेनं ठरवलं. पाटी मीच करणार, असं मी सांगून ठेवलं होतं. माझं कामच ते. छत्तीस वर्षं मी कारखान्यात यंत्रांवर लावायच्या पाट्या कोरल्या. रिटायर झालो त्याच वर्षी माझं जुनं मशीन मोडीत निघालं, तेव्हा ते मी घरी आणलं. मागच्या खोलीत आहे. एका बाजूला मोठी साच्याची अक्षरं ओळीत लावायची, त्यांच्या खोबणीतून सुई फिरवायची, की दुसऱ्या बाजूला तीच अक्षरं लहान होऊन पितळेत उतरतात. हात स्थिर हवा, बाकी काही नाही.

मला इंग्रजी अक्षरं येतात तेवढी इंग्रजी भाषा येत नाही. कुठलं अक्षर किती जागा खातं, कुठल्या दोघांच्या मध्ये फट कमी ठेवायची, हे मला झोपेतही सांगता येईल. पण मजकूर बरोबर आहे का, हे ती सांगायची. मला शंका आली की चिठ्ठी शर्टाच्या खिशात घालून घरी आणायची, तिच्यापुढे धरायची. एकदा कारखान्यानं धोक्याची पाटी मागवली, त्यावर दोन उद्गारचिन्हं होती. ती म्हणाली, "एक पुरे. एक बघून जो थांबला नाही तो दुसरं बघून थांबणार आहे का?" मी फोरमनला जाऊन तसंच सांगितलं. फोरमन म्हणाला, "वहिनींना म्हणावं, उद्यापासून कारखानाच चालवायला या." पण पाटी एकाच चिन्हाची झाली.

तिचा नियम साधा होता. वाक्य बोलताना कुणी खरोखर ओरडलं असेल तर उद्गारचिन्ह. नसेल तर पूर्णविराम. विद्यार्थ्यांच्या वह्या ती घरी तपासायला आणायची. जिथे जिथे ते चिन्ह दिसेल तिथे लाल गोल करायची आणि बाजूला इंग्रजीत एकच प्रश्न लिहायची: इथे कोण ओरडलं? मी समोर बसून पेपर वाचायचो. एका वहीत वीस-वीस गोल.

आणि आता तिच्याच पाटीवर हे. मी शब्दकोश घेऊन बसलो आणि नावाखालच्या तीन ओळी लावल्या. पहिली: ही आमच्या लाडक्या बाईंची खोली! दुसरी: त्यांनी आम्हाला लिहायला शिकवलं! तिसरी: बाई, आम्ही तुम्हाला कधीच विसरणार नाही, आणि पुढे तीन काठ्या, तीन टिंबं.

तिच्यासाठी मी करणार ते हे शेवटचं काम. ते तिला लाल गोल करावासा वाटेल असं मी करणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या ऑफिसात गेलो. हेडक्लार्क फायलींना दोरी बांधत होता.

"या काका. पाटी झाली?"

"नाही. मजकूर चुकलाय."

"स्पेलिंग चुकलं?"

"स्पेलिंग बरोबर आहे. ही पाच चिन्हं काढायची आहेत."

त्यानं कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला. "काका, हा मसुदा कमिटीनं मंजूर केलाय. खाली सही बघा."

"सही दिसली. पण कमिटीनं चुकीचं मंजूर केलंय."

"असं कसं. मजकुरात बदल म्हणजे नवा अर्ज. अर्ज आला की बैठक. बैठक पुढच्या महिन्यात."

"टिंब काढायला बैठक?"

"टिंब कुठे, काका? पाच टिंबं आणि पाच दांड्या." आणि स्वतःच हसला. त्याला वाटलं मीही हसेन.

तेवढ्यात नवीन मॅडम आल्या. माझ्या बायकोच्या जागी आलेल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या असतील. क्लार्कनं त्यांना सांगितलं, "काकांना तुमची चिन्हं नकोत."

"माझी नाहीत हो ती," मॅडम म्हणाल्या. "वर्गातल्या लोकांनी मिळून लिहिलंय. मी फक्त तपासलं. त्यांच्या भावना आहेत, काका."

"भावना असू देत. चिन्हं कशाला?"

"ती नसली की कोरडं वाटतं ना. हल्ली मेसेजमध्ये नुसता पूर्णविराम दिला तरी समोरच्याला वाटतं आपण रागावलोय."

"मग रागावलो नाही, असं लिहावं."

"काका, प्रेम आहे ते."

"प्रेम असेल. पण इथे ओरडलं कोण?"

मॅडमचा चेहरा पडला. "मी कुठे ओरडले? मी तर हळूच बोलतेय." क्लार्कही माझ्याकडे बघायला लागला. त्या दोघांना तो प्रश्न ठाऊकच नव्हता. समजावून सांगायला गेलो तर मला धड सांगताही येईना. मला ऐकायला थोडं कमी येतं, त्यामुळे चिडलो की माझा आवाज फार मोठा होतो. शेवटी क्लार्क म्हणाला, "काका, पाणी घ्या." मी पाणी न घेता निघालो.

घरी पोचतो तोवर लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी असते. तिला आधीच कुणीतरी कळवलं होतं.

"बाबा, एका दांडीसाठी तुम्ही ऑफिसात जाऊन भांडलात?"

"पाच."

"पाच असोत. लोक आईसाठी करताहेत ना? कोण करतं हल्ली?"

"चुकीचं करताहेत."

"आईनं उभ्या जन्मात तुमच्यावर आवाज चढवला नाही. आणि तुम्ही तिच्या नावानं जिथे तिथे आवाज चढवत फिरताय."

मी म्हटलं, दूध वर येतंय, गॅस बंद करायचाय. आणि फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला: जेवलात का, आणि पुढे दोन उद्गारचिन्हं. प्रश्न विचारलाय आणि प्रश्नचिन्ह नाही. आईच्या पोटची पोर.

मग मी एक गोष्ट केली. ती करायला नको होती हे मला करतानाच कळत होतं. मी पाटी कोरायला घेतली, तिन्ही ओळी शब्दाला शब्द कोरल्या, आणि एकही चिन्ह घातलं नाही. शिवाय अक्षरं एक माप मोठी घेतली. ओळी अशा बसवल्या की शेवटचं अक्षर पाटीच्या कडेला जाऊन टेकलं. नंतर कुणी घालायचं म्हटलं तरी तिथे पूर्णविराम मावला नसता. काम म्हणून बघितलं तर ते वाईट काम होतं. कडेला जागा सोडायची असते, शिकाऊ माणसालाही हे पहिल्या आठवड्यात सांगतात. छत्तीस वर्षांत मी अशी पाटी केली नव्हती.

शुक्रवारी ती नेऊन दिली. क्लार्कनं कागद पाटीशेजारी ठेवला आणि ओळीवरून बोट फिरवत गेला. बोट कडेवरून खाली घसरलं.

"पाच कमी आहेत, काका."

"जागा नाही."

"जागा का नाही?"

"अक्षरं मोठी आली."

"आली?"

"आली."

त्यानं पाटी परत कागदात गुंडाळली, वर रबरबँड लावला आणि माझ्या हातात दिली. "काका, बाईंची पाटी आहे म्हणून मी काही लिहीत नाही. दुसरा कुणी असता तर काम काढून घेतलं असतं. शनिवारचा कार्यक्रम आठ दिवस पुढे ढकलतो. मंजूर मसुद्याप्रमाणे आणा."

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर तिघं उभे होते. टॅक्सीवाला, टेलरमास्तर आणि दवाखान्यातली आया. तिघंही तिच्या वर्गातले जुने. तिच्या शेवटच्या आजारात घरी येऊन गेले होते, म्हणून चेहरे ओळखीचे. पंचावन्नच्या आसपासची आया सगळ्यात पुढे होती. आत येऊन तिनं पिशवीतून एक डबा काढला आणि टेबलावर उपडा केला. खळकन आवाज आला.

बिल्ले होते. ॲल्युमिनियमचे, नाण्याएवढे गोल, प्रत्येकावर एक उद्गारचिन्ह ठोकलेलं. ते मीच केलेले. पाट्या कापून उरलेल्या तुकड्यांतून ती दर वर्षी माझ्याकडून बिल्ले करून घ्यायची. वर्गाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक. वर्षभरात ज्याला कुठल्या वाक्याला ते चिन्ह लावायचं असेल त्यानं बिल्ला तिच्या टेबलावर ठेवायचा. बिल्ला एकच, म्हणून चिन्हही एकच. दर वर्षी नवे मागायची तेव्हा मला वाटायचं, जुने खर्च झाले असतील.

"हे एवढे उरले कसे?" मी विचारलं.

"उरले?" टॅक्सीवाला म्हणाला. "काका, बाईंनी कधी घेतलाच नाही. अकरा वर्षांत एकाचाही नाही. टेबलावर ठेवला की वाक्य वाचायच्या, आणि मग तो त्यांचा प्रश्न."

"कोण ओरडलं," टेलरमास्तर म्हणाले.

"मी चार वेळा ठेवला," टॅक्सीवाला म्हणाला. "मुलगी झाली तेव्हा लिहिलं, मला मुलगी झाली, आणि पुढे दांडी. बाई म्हणतात, इथे कोण ओरडलं? मी म्हटलं, मुलगीच ओरडली बाई, सगळ्या वॉर्डानं ऐकलं. तर म्हणतात, मग ते तिचं वाक्य झालं, ती मोठी झाली की लिहील. घ्या बिल्ला परत."

"माझं एक गिऱ्हाईक कोट शिवून घेऊन वर्षभर फिरकलं नाही," टेलरमास्तर म्हणाले. "मी पत्र लिहिलं, आपला कोट घेऊन जा. बिल्ला ठेवला. बाई म्हणाल्या, तुम्ही ओरडलात? मी म्हटलं, मनात. म्हणाल्या, मनातल्याला पूर्णविराम पुरतो, मास्तर."

मला हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा असेल. पण आया हसत नव्हती.

"काका," ती म्हणाली, "तुम्ही पाटी बिनचिन्हाची केलीत असं क्लार्क म्हणाला. म्हणून हे आणले. जे जे सापडले त्या सगळ्यांनी दिलेत. जे वर्ग सोडून गेले त्यांच्या घरी जाऊन आणलेत. पाच लागतात, इथे एकोणीस आहेत. नियमानं देतोय. आम्हाला फुकट नकोत."

हे मला सुचलंच नव्हतं. मी चार दिवस सगळ्यांना सांगत फिरत होतो की तिचा नियम, तिचा नियम. आणि नियमाप्रमाणे आलेली माणसं माझ्या टेबलाशी उभी होती.

"अहो, पण तिनं तरी घेतले असते का?" मी म्हटलं.

"तेच तर," आया म्हणाली. "त्यांनी एकदाही घेतला नाही. आता त्या नाहीत, तर तुम्ही घ्या. त्यांच्या जागी."

"मला इंग्रजी येत नाही."

"प्रश्न तर मराठीतही विचारता येतो ना?"

बाई तिखट होती. मी कागद पुढे ओढला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "बरं. आम्ही तुम्हाला कधीच विसरणार नाही. इथे कोण ओरडलं?"

टॅक्सीवाल्यानं टेलरमास्तरांकडे बघितलं. मास्तर एक बिल्ला बोटांत फिरवत बसले.

"खरं सांगायचं तर कुणीच नाही," आया म्हणाली. "मला फोन आला तेव्हा मी चादरी मोजत होते. ओरडले वगैरे नाही. खाली बसले आणि मोजलेल्या चादरी परत मोजल्या."

"मी गाडी बाजूला घेतली," टॅक्सीवाला म्हणाला. "मागे पॅसेंजर होता. तो म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही."

मीही ओरडलो नव्हतो. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, सही कुठे करायची.

"मग झालं तर," मी म्हटलं. "पूर्णविराम."

"तसं म्हटलं तर काका," टॅक्सीवाला म्हणाला, "ओरडायच्या त्या बाईच."

"कोण बाई?"

"आपल्या बाई. तुमच्या मिसेस."

"काहीतरी बोलू नका."

"अहो, रोज! सातला वॉचमन खालचं दार लावून घरी जायचा. बेल बिघडलेली, अजून बिघडलेलीच आहे. आम्ही कामावरून सुटून येणार, कधी सव्वासात, कधी साडेसात. समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहायचं आणि हात हलवायचा. मग बाई तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडायच्या, मोज्यात किल्ली घालून खाली टाकायच्या आणि ओरडायच्या, कम अप!"

"वर या, म्हणजे," मास्तर म्हणाले.

"कळतं मला तेवढं," मी म्हटलं.

"काय आवाज होता! खालचा टायरवाला मान वर करून बघायचा. मी एकदा एक गल्ली अलीकडे होतो, तिथे ऐकू आला."

"तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय," मी म्हटलं. मला राग आला होता. चौतीस वर्षं मी त्या बाईबरोबर राहिलो. तिनं कधी या खोलीतून त्या खोलीत हाक मारली नाही. कारखान्यात माझे कान गेले, कुणीही माझ्याशी बोलायचं तर ओरडूनच बोलतो. ती नाही. काही सांगायचं असलं की हातातलं काम ठेवून यायची, माझ्या डाव्या बाजूला उभी राहायची, कारण डावा कान बरा आहे, आणि तिच्या नेहमीच्या आवाजात सांगायची. चहा झालाय. पाऊस येईल, छत्री घ्या. मला वाटायचं तिला मोठा आवाज नाहीच. काही माणसांना नसतो.

"बुधवारी वर्ग आहे," आया म्हणाली. "या तुम्ही. दाखवतो."

जाणार नव्हतो. पण बुधवारी पावणेसातला मी शर्ट बदलला.

अकरा वर्षांत मी त्या रस्त्यावर संध्याकाळी सातला कधी गेलो नव्हतो. तिला आणायला जायचो तो नऊला, आणि तोही बसस्टॉपपर्यंत. ती कोपऱ्यावरून चालत येताना दिसायची. इमारत मी नीट बघितलेलीच नव्हती. अरुंद रस्ता, खाली टायरचं दुकान आणि एक बंद शटर, मध्ये लाकडी दार. दार ओढलं की आपोआप कुलूप लागणारं. वॉचमन माझ्यासमोर सायकलवर बसून निघून गेला. वर तिसऱ्या मजल्यावर चार खिडक्या उजेडात. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो आणि हात हलवला. फार मूर्खासारखं वाटलं.

खिडकी उघडली. टॅक्सीवाल्याचं डोकं बाहेर आलं. "कम अप!"

"तसं नाही," आतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आणि त्याचं डोकं मागे ओढलं गेलं. मास्तर आले. त्यांनी गळा साफ केला, कम अप म्हणाले, आणि खोकले.

"ऐकू येत नाही," मी खालून सांगितलं.

"कम अप, काका!"

"काका कशाला घालताय मध्ये?" आतून आवाज. "बाई काका म्हणायच्या का?"

वर भांडण जुंपलं. कुणी म्हणे पहिला शब्द लांबवायच्या, कुणी म्हणे छे, दोन्ही झटक्यात. टायरवाला दुकानाबाहेर येऊन उभा राहिला. "काय शोधताय?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. आवाज." तो म्हणाला, "त्या जुन्या बाईंचा?" मी त्याच्याकडे बघितलं. "हे त्यांतलं एकही नाही," तो म्हणाला, आणि आत गेला.

टायरवाल्यालाही ठाऊक होतं. मी सोडून त्या रस्त्यावर सगळ्यांना.

मग नवीन मॅडम खिडकीत आल्या. त्यांना वाटलं असणार की मी परत भांडायला आलोय. मागून कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण त्या एकदम सरळ उभ्या राहिल्या आणि ओरडल्या. चांगल्या ओरडल्या. पण त्या मला बोलावत नव्हत्या, ओरडून दाखवत होत्या. खाली उभं राहिलं की फरक कळतो.

शेवटी आया आली. तिनं एका हातानं खिडकीची चौकट धरली, कमरेपर्यंत बाहेर वाकली, आणि माझ्याकडे बघून ओरडली. पहिला शब्द जाड, खालचा. दुसरा वरच्या पट्टीत तोडलेला. मागच्या भिंतीवरून तो परत आला.

"हे," टॅक्सीवाला तिच्या मागून मोठ्यानं म्हणाला. "हे असंच."

असंच होतं की नाही, मला कसं कळणार? माझ्याकडे ताडून बघायला काहीच नव्हतं. मी तिथे उभा राहून डाव्या कानानं पुन्हा आठवायचा प्रयत्न केला, आणि मला आठवली ती चहा झालाय म्हणणारी. ती ओरडताना कशी दिसायची हे एकोणीस माणसांना माहीत होतं आणि मला नव्हतं. एका दिवशी नऊच्या ऐवजी सातला आलो असतो तर. काय काम असायचं मला त्या वेळेला? काही नाही. पेपर वाचायचो.

"काका," आया वरून म्हणाली, "किल्ली टाकू?"

"टाका," मी म्हटलं.

वर गेलो. वर्गात सगळे उभे होते. मी आयेपुढे हात केला. "तुमचा बिल्ला द्या. एकच. बाकीचे परत घ्या."

"आणि त्या तीन ओळी?"

"त्या तुम्ही वहीत लिहा. पाटीवर एक ओळ येईल. ती तिची आहे. आणि पाटी इथे वर नाही लागणार, खाली दाराशी लागेल."

मॅडम म्हणाल्या, "कमिटी?" मग त्याच म्हणाल्या, "मी बोलते कमिटीशी."

गुरुवारी दिवसभर नवी पाटी केली. पितळेचा नवा तुकडा घेतला, चारी बाजूंनी बोटभर जागा सोडली. वर तिचं नाव. खाली इंग्रजीत दोन छोटे शब्द, आणि त्यांच्यापुढे एक उद्गारचिन्ह. ते कोरायला मिनिट लागत नाही. मी सुई खोबणीत ठेवली, परत उचलली, मशीन बंद केलं, अंगणात जाऊन आलो, परत बसलो. असं तीनदा. पहिल्याच आठवड्यातल्या शिकाऊ माणसासारखं.

शनिवारी सकाळी टॅक्सीवाल्यानं ड्रिल आणलं. दाराच्या उजव्या बाजूला, छातीच्या उंचीवर, चार स्क्रू. टायरवाल्यानं विजेची वायर दिली. आम्ही शेवटचा स्क्रू पिळत होतो तेव्हा क्लार्क आला. त्यानं पाटी वाचली आणि खिशातून मंजूर मसुदा काढला.

"काका, हे काय? यात खोलीचं नाव नाही. बाईंनी लिहायला शिकवलं ते नाही. लाडक्या शब्द नाही. दार संस्थेचं आहे, त्याला भोकं पाडायची परवानगी कुणी दिली?"

"कुणी नाही."

"मला लेखी खुलासा मागावा लागेल."

"मागा."

"इंग्रजीत द्यावा लागेल."

"तो कोण तपासणार?" मी विचारलं. त्यानं पाटीकडे परत बघितलं, कागदाची घडी केली आणि म्हणाला, "निदान बेल तरी दुरुस्त करून घेतो." त्याचाही मला रागच आला. अकरा वर्षांनी.

कार्यक्रम संध्याकाळी होता. मी थांबलो नाही, भाषणं मला ऐकू येत नाहीत. वायर टायरवाल्याला परत देऊन निघालो तेव्हा एक अनोळखी बाई रस्ता ओलांडून आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत वही होती, चौकशीला आली असावी. दाराशी थांबून तिनं पाटी वाचली. ओठ हलवत, अक्षर अक्षर लावत. आणि दोन पावलं मागे सरून तिनं वर खिडकीकडे बघितलं.

वर कुणी नव्हतं. खिडक्या बंद होत्या.

ती माझ्याकडे वळली. "कुणी बोलावलं का?"

"वर्ग संध्याकाळी असतो," मी म्हटलं. "सातच्या आत या. उशीर झाला तर तिथे समोर उभ्या राहा आणि हात हलवा."